उरलेली अकरा मिनिटं

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०

नवी वही. जुनी संपली नव्हती, पण तिच्यात डिसेंबर आहे.

संपादिकेचा फोन. धाकट्याचा कॉमेडी स्पेशल शुक्रवारी ॲपवर येतोय. ऑक्टोबरमध्ये शूट केलेला, बावन्न मिनिटांचा. परीक्षण शनिवारी दुपारपर्यंत, सहाशे शब्द. मग आवाज मऊ करून म्हणाली, सर, जड जाणार असेल तर दुसऱ्या कोणाला देते. मी म्हटलं, मॅडम, मी एकोणीस वर्षं टीव्हीचं पान सांभाळतोय. जड वगैरे काही नसतं. स्पेशल असतो आणि परीक्षण असतं.

धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. माईक घेऊन उभा राहायचा आणि लोकांना हसवायचा. डिसेंबरात गेला. एकोणचाळीस वर्षांचा. सकाळी बुटाची लेस बांधताना. वही नवी आहे, तिला माहीत नाही म्हणून लिहिलं. पुन्हा लिहिणार नाही.

संकल्प: भाऊ म्हणून एक शब्द लिहायचा नाही. माझा वाचक म्हणजे लाँड्रीवाला, दाताच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट. दिवसभर राबून आलेल्या माणसाला एकच विचारायचं असतं: बघू की नको? माझ्या घरातलं कोण गेलं याच्याशी त्याला काय देणंघेणं! आपला तो बाब्या हा प्रकार माझ्या पानावर चालत नाही. धाकट्याच्या पहिल्या शोला मी दीड स्टार दिला होता. खरं तर दोन देणार होतो. भाऊ म्हणून अर्धा कापला.

७ मार्च, शुक्रवार. दुपारी ३.००

बसलो. पडदे ओढले. स्टॉपवॉच, पेन, पाण्याचा ग्लास. दोन विनोदांमधलं अंतर मोजायचं, ही माझी पद्धत. आई आतल्या खोलीत पडलीय. ही लॅबमध्ये गेलीय. (ही पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते. घरात भावनेच्या भरात न बोलणारे आम्ही दोघंच.)

मिनिट १. एंट्री बरी. शर्ट चुरगळलेला. इस्त्री केली असती तर काय बिघडलं असतं?

मिनिट ४. निर्मितीतली ढोबळ चूक. पहिल्या रांगेत मधोमध एक खुर्ची रिकामी. कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला की डोळ्यांत खुपते. पडलेल्या दातासारखी. कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही?

मिनिट ६. आलं आहे. धाकटा त्या खुर्चीकडे बोट करून म्हणतो, ही आमच्या दादाची. येईलच तो. साडेसातच्या मालिकेत काय झालं ते लिहून येतोय. हशा, नऊ सेकंद.

मिनिट ११. लहानपणी दादाला टीव्ही बघतो म्हणून फटके बसायचे, आता टीव्ही बघत नसला की ऑफिसातून फोन येतो. हशा, सात सेकंद. माझ्या मते पाच पुरे होते.

मिनिट १९. दादानं स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओ बघून मत दिलं: सुरुवात दमदार, मध्ये रेंगाळतो, नायिका उत्तम, नायक दुसरा चालला असता. अतिशयोक्ती. मी फक्त ‘रेंगाळतो’ म्हणालो होतो.

मिनिट २८. खुर्चीवर पाण्याची बाटली ठेवतो. घे दादा, घसा कोरडा पडला असेल, इतका वेळ न हसणं सोपं नाही. बारा सेकंद. वस्तू वापरून केलेला विनोद. हलका प्रकार.

मिनिट ४१. स्टेजच्या कडेला येऊन बसतो, पाय खाली सोडतो. पाय जवळजवळ त्या खुर्चीला लागतात. एक हात वर करून सगळ्यांना गप्प करतो. म्हणतो, आता एक खरी गोष्ट सांगतो. ही मी स्टेजवर कधी सांगितलेली नाही.

इथे थांबलो. डोळ्यांवर ताण आला. अकरा मिनिटं उरलीत, उद्या सकाळी ताज्या डोळ्यांनी बघेन. कलाकृतीला तेवढा मान द्यायला हवा.

८ मार्च, शनिवार. सकाळी ८.००

आईनं बातम्यांसाठी टीव्ही लावला. उघडताक्षणी धाकटा.

त्या ॲपमध्ये अर्धवट सोडलेल्या कार्यक्रमांची एक रांग असते, ‘पाहणं सुरू ठेवा’. तिच्यात पहिल्या चौकटीत तो. नेमका मी थांबवलेल्या क्षणी गोठलेला. हात वर, तोंड किंचित उघडं, डोळे अर्धे मिटलेले. शिंक येऊ घातलेल्या माणसासारखा. खाली लाल रेघ, बरीचशी भरलेली, थोडी उरलेली.

आई काहीच दचकली नाही. म्हणाली, काय रे, झाली का झोप? टीव्हीला म्हणाली. मग मला म्हणाली, चहा ठेव.

दुपारी १२.३०

परीक्षण पाठवलं नाही. संपादिकेला मेसेज केला की काम तांत्रिकदृष्ट्या पूर्ण आहे, फक्त लिहायचं आहे. तिनं लगेच लिहिलं, सावकाश होऊ द्या सर. हे ‘सावकाश’ मला आवडलं नाही.

१० मार्च, सोमवार. दुपारी ४.२०

दुसऱ्यांदा पाहिला. पुन्हा एक्केचाळीसपर्यंत. दाराची बेल वाजल्यासारखी वाटली म्हणून थांबलो. दारात कोणी नव्हतं.

महत्त्वाचा निष्कर्ष: यातला ‘दादा’ काल्पनिक आहे. सगळे विनोदवीर एखादा दादा, एखादी मावशी, एखादा बॉस निर्माण करतात. वाचकाला हे समजावून सांगायला हवं, नाहीतर लोक भलताच अर्थ काढतात.

हिला सांगितलं. ही बटाटे सोलत होती. म्हणाली, बरोबर आहे, चौकडीचा स्वेटर घालून, स्टॉपवॉच लावून लोकांचं हसणं मोजणारे पुष्कळ दादा असतात.

मी म्हटलं, प्रश्न तो नाही. उरलेल्या अकरा मिनिटांत तो काय बोलतो हा आहे. हिनं विचारलं, काय बोलेल असं वाटतंय? मी म्हटलं, मला काहीच वाटत नाही, मी परीक्षक आहे.

ही बटाटा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी वही शोधायला उठलो. वही हातातच होती.

१२ मार्च, बुधवार. सकाळी ११.००

काल साडेसातच्या मालिकेत थोरल्याचा मेलेला भाऊ परत आला. दरीत पडला होता, अडीच वर्षांपूर्वी. काल दार वाजलं आणि हा उभा. केससुद्धा नीट विंचरलेले.

एकोणीस वर्षांत अशी माणसं मी सत्तेचाळीस वेळा परत आलेली पाहिली आहेत. प्रत्येक वेळी लेखकांना सोलून काढलंय. दरीतून परत आलेल्यांची एक वेगळी जनगणना करावी असंही एकदा लिहिलं होतं, ते वाचकांना फार आवडलं होतं.

आज सकाळी त्या भागाचा रिकॅप पाठवला. तासाभरात संपादिकेचा फोन. सर, तुम्ही ‘अत्यंत पटणारा प्रसंग’ असं लिहिलंय, ते उपरोधानं आहे ना? मी म्हटलं, दार उघडणाऱ्या नटानं काम छान केलंय. ती म्हणाली, हो, पण तुम्ही त्या दाराविषयीच तीन परिच्छेद लिहिलेत.

मी म्हटलं, कापा. ती म्हणाली, नाही, राहू देते. हल्लीच्या संपादकांना काय कापावं ते कळेनासं झालंय.

१३ मार्च, गुरुवार. सकाळी १०.००

दाताच्या दवाखान्यात गेलो. दाढेसाठी. बाहेर सहा खुर्च्या, पाच माणसं. रिकामी मधलीच. रिसेप्शनिस्ट म्हणाली, बसा ना सर. मी म्हटलं, कोणी येणार असेल. ती म्हणाली, कोणी नाही यायचं, आता तुमचाच नंबर. मी उभाच राहिलो. तिनं हळूच विचारलं की तुमच्या भावाचं कधी येणार पेपरात, आमच्या घरी सगळ्यांनी पाहिलं, शेवट तर किती...

मी कानावर हात ठेवले. शब्दशः. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, दवाखान्यात. मग सांगितलं की परीक्षकाला शेवट आधी कळता कामा नये, आमच्या व्यवसायातला नियम आहे.

दाढ न दाखवताच घरी आलो. दुखायची थांबली होती.

जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्यांपैकी एक गॅलरीत नेऊन ठेवली. जागेची अडचण होत होती.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी ८.१५

खुर्ची गॅलरीत जास्त दिसते. आत आणली. भिंतीकडे तोंड करून ठेवली. ही म्हणाली, तिनं काय गुन्हा केलाय?

१५ मार्च, शनिवार. सकाळी ७.३०

ठाम निर्णय. त्या रांगेतून त्याला काढायचं. रोज सकाळी घरातल्या घरात असा हात वर करून कोणी बसलं तर माणसानं तटस्थ राहायचं कसं? उघडलं तोंड, आणि शब्द बाहेर येत नाही. आठ दिवस. काल भांडी लावताना मला वाटलं, हॉलमधून कोणी घसा खाकरला. फ्रिज होता. पण फ्रिज आजवर असा खाकरत नव्हता.

रिमोटचं बटण दाबून धरलं की विचारतात: रांगेतून काढून टाकायचं? होय. नाही. माझा अंगठा ‘होय’वर होता तेवढ्यात आई बाहेर आली. काय करतोयस, म्हणाली. मी म्हटलं, आवाज कमी करतोय. ती म्हणाली, आवाजाचं बटण खाली आहे. तिला एका कानानं ऐकू येत नाही, पण दिसतं सगळं.

मग येऊन माझ्याशेजारी बसली. म्हणाली, त्याला काढू नकोस. मी म्हटलं, आई, ते नुसतं चित्र आहे. हो, म्हणाली, मला कळतं, वेड लागलेलं नाही मला. पण काहीतरी सांगायला तोंड उघडलंय त्यानं, आणि तू त्याला मध्येच तोडलायस. लहानपणीही तेच करायचास. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणायचास, कळलं, कळलं.

‘नाही’ दाबलं.

१७ मार्च, सोमवार. दुपारी ३.४५

पाचव्यांदा पाहिला. एक्केचाळीस.

ऑक्टोबरबद्दल एक खुलासा करून ठेवतो. मला शूटच्या दिवशी ताप होता. नव्याण्णव. त्यानं आठ दिवस आधी स्वतः येऊन सांगितलं होतं, दादा, पहिल्या रांगेत मधली तुझी. मी येणारच होतो. शर्टही काढून ठेवला होता. ताप आला त्याला मी काय करणार?

दुपारी ४.३०

थर्मामीटर मी चहाच्या कपाला लावला होता. हिनं पाहिलं होतं. लॅबमधली बाई, तिला ताप आणि चहा यांतला फरक कळतो. एकटीच जाऊन आली, मागच्या रांगेत बसून.

दुपारी ४.५०

शो वाईट झाला असता तर काय लिहायचं ते मला ठाऊक होतं. चांगला झाला असता तर काय करायचं ते ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला होता. पहिलंच वाक्य, दादा, ताप उतरला का? मी म्हटलं, उतरतोय. बरं झालं, म्हणाला, काळजी घे. त्या ‘काळजी घे’मध्ये टोमणा होता की नाही ते मी पाच महिने तपासतोय. कधी असतो, कधी नसतो. आज आहे.

तर खरी गोष्ट म्हणून तो काय सांगणार ते उघड आहे. दीड स्टार सांगेल. खुर्ची सांगेल. किंवा, आणि हे त्याहून वाईट, म्हणेल की दादावर माझा राग नाही. शहरातल्या सगळ्यांनी ते ऐकलंय. लाँड्रीवाल्यानं शर्ट देताना परवा माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात का ठेवला? दहा वर्षांत कधी ठेवला नव्हता.

१९ मार्च, बुधवार. सकाळी ७.१५

पेपरात परीक्षण आलंय. माझं नाही. राशिभविष्य लिहिणाऱ्या बाईंचं. त्यांना विनोदातलं काय कळतं! पाच स्टार. पाच! ‘सगळ्यांनी मिळून बघावं, हसून पोट दुखेल, मग घशाशी काहीतरी येईल.’ याला परीक्षण म्हणत नाहीत, याला अपचन म्हणतात.

त्यातलं एक वाक्य: ‘पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीनं सहकलाकार म्हणून कमाल केली आहे, माणूस बसला असता तर एवढी रंगत आली नसती.’

म्हणजे माझ्या कामाची दखल घेतली गेली, असंही म्हणता येईल.

संपादिकेला फोन केला. मी चिडलेलो नाही हे तिला कळावं म्हणून जरा मोठ्या आवाजात बोललो. ती म्हणाली, सर, बारा दिवस वाट पाहिली. तुम्ही सुट्टी घ्या म्हणतेय मी, तर तुम्ही डिसेंबरातसुद्धा घेतली नाहीत. त्या दिवशी दुपारीही तुम्ही रिकॅप पाठवला होतात.

हे खरं आहे. वेळेवर पाठवला होता. एकही चूक नव्हती त्यात.

२२ मार्च, शनिवार. संध्याकाळी ४.००

आई म्हणाली, चल, आज ऐकू या त्याचं. मी म्हटलं, दाढ दुखतेय. ती म्हणाली, दाढेनं ऐकतोस का? हिनं भिंतीकडची खुर्ची उचलून टीव्हीसमोर आणली आणि सरळ तिच्यात बसली. आई कोचावर, चांगला कान टीव्हीकडे करून. मी दारात. उभा राहिल्यानं एकाग्रता वाढते.

हिनं बटण दाबलं. पंधरा दिवस वर धरलेला हात त्यानं खाली घेतला.

खरी गोष्ट अशी: तो पोहायला शिकला. अडतिसाव्या वर्षी. मोठ्यांच्या वर्गात जागा नव्हती म्हणून सात-सात वर्षांच्या मुलांबरोबर. तो कमरेइतक्या पाण्यात पांढराफटक पडून उभा, आणि एक मुलगी त्याला धीर देते, काका, घाबरू नका, आधी सगळ्यांनाच वाटतं आपण मरणार. गळ्यात शिट्टी घातलेल्या मास्तरीणबाई. पाण्यावर पाठ टाकून पहिल्यांदा तरंगला तो दिवस. त्याला वाटलं आपण तासभर तरंगलो, आणि मुलं मोजत होती, अकरापर्यंतच मोजून झालं होतं. शेवटी सगळ्यांना मिळालं तसं त्यालाही प्रमाणपत्र मिळालं, त्यावर बदकाचं चित्र, आणि ते त्यानं खिशातून काढून स्टेजवर दाखवलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तो लाजला. मग वाकून नमस्कार, आणि दिवे बंद.

बस्स.

माझं नाव नाही. ‘दादा’ हा शब्द नाही. खुर्चीकडे एकदा बघतो, पण बाटली उचलून पाणी पिण्यासाठी. तहान लागली होती म्हणून.

आई डोळे पुसत हसत होती. म्हणाली, मंगळवारी आणि शुक्रवारी जायचा. येताना इथेच यायचा, पोहून आलं की भूक लागते म्हणून. तू आत हेडफोन कानाला लावून बसलेला असायचास. तो निळा टॉवेल नाही का, गॅलरीत वाळत असायचा.

टॉवेल मला आठवतो. मला तो आपलाच वाटायचा. दोनदा मी त्याला पाय पुसलेत.

स्टॉपवॉच लावायचं राहिलं. एकदा हसलो, त्या मुलीच्या वाक्याला. किती सेकंद, माहीत नाही.

२३ मार्च, रविवार. सकाळी ८.००

आईनं टीव्ही लावला. पूर्ण पाहून झालेला कार्यक्रम त्या रांगेत राहत नाही. पहिल्या चौकटीत स्वयंपाकाची स्पर्धा.

आईनं रिमोटनं ती रांग शेवटपर्यंत सरकवून पाहिली. मग म्हणाली, झालं त्याचं बोलून. आणि बातम्या लावल्या.

तिला बरं वाटलंय. मला आता कोणत्या गोष्टीची वाट पाहायची ते कळत नाहीये.

२५ मार्च, मंगळवार. सकाळी ११.००

जलतरण तलावावर गेलो. निव्वळ संशोधन. स्पेशलमागची खरी कहाणी असा हजार शब्दांचा लेख डोक्यात आहे, राशिभविष्यवाल्या बाईंना जमणार नाही असा.

शिट्टीवाल्या बाई भेटल्या. साठीच्या असतील. पाण्यात डझनभर मुलं, कानठळ्या बसतील एवढा गोंगाट. त्यांना भावाचा फोटो दाखवला. लगेच ओळखलं. म्हणाल्या, फार सज्जन गृहस्थ, वेळेवर यायचे, जाताना मुलांचे पोहायचे चष्मे गोळा करून द्यायचे. येईनासे झाले तेव्हा वाटलं बदली झाली असेल. मी सांगितलं. त्यांनी तोंडाशी नेलेली शिट्टी खाली घेतली.

मग मी सांगितलं की तो विनोदवीर होता. त्यांचा विश्वास बसेना. म्हणाल्या, इथे कधी एक विनोद केला नाही हो. अगदी मन लावून शिकायचे.

निघताना सहज विचारलं. लेखासाठी. की कधी मोठ्या भावाविषयी काही बोलायचा का?

बाईंनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. नाही, म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे त्यांचं लक्ष गेलं असावं. घाईघाईनं म्हणाल्या, बोललेही असतील, पाण्यात डोकं असलं की नीट ऐकू येत नाही.

मी वही काढली आणि लिहून घेतलं: नीट ऐकू येत नाही.

त्या म्हणाल्या, इथे बूट घालून उभं राहू नका, मुलं घसरतात. मी बूट काढायला वाकलो. लेस सुटेना. माझ्यामागे टॉवेल गुंडाळलेली मुलं रांगेत खोळंबली होती, थंडीनं दात वाजवत. काही वेळानं बाई म्हणाल्या, राहू द्या, असेच बाहेर जा.